मेलानोमाच्या ऑपरेशननंतर जांघेची सोनोग्राफी: रिपोर्टमधल्या २२ मिमीच्या गाठीला किती घाबरायचं?

वारणाकाठची

नमस्कार. आण्णांबद्दल (माझे वडील, वय ६३) विचारायचं आहे. वाळवा तालुक्यात आमची ऊस आणि हळद आहे. आण्णांच्या उजव्या टाचेवर काळा डाग होता. गावात सगळे कुरूपच म्हणत होते, त्यावर बिब्बाही घालून झाला. पुढे तो चिघळला आणि चालताना रक्त येऊ लागलं. मिरजेच्या त्वचारोगतज्ज्ञांनी तुकडा काढून तपासायला पाठवला, तर मेलानोमा (कातडीचा एक कॅन्सर) निघाला.

मुंबईत ऑपरेशन झालं. टाचेचा तो भाग आजूबाजूच्या चांगल्या कातडीसकट काढला. त्याच वेळी टाचेत किरणोत्सर्गी औषध आणि निळा रंग टोचून, तो रंग जांघेतल्या ज्या गाठीत (लिम्फ नोडमध्ये) आधी पोचला ती सेंटिनल गाठ काढून तपासली. (नंतर आण्णांची लघवी हिरवट-निळी व्हायला लागली तेव्हा आई फार घाबरली होती.) त्या सेंटिनल गाठीत मेलानोमाचा एक मिलिमीटरपेक्षा लहान ठिपका सापडला. सर्जन म्हणाले, बाकीच्या गाठी काढायच्या नाहीत, दर चार महिन्यांनी जांघेची सोनोग्राफी करायची.

पहिली सोनोग्राफी मुंबईतच केली, चांगली आली. या वेळी उसाच्या लागणीची घाई होती म्हणून इथेच जवळच्या सेंटरला केली. पाच मिनिटांत आटोपलं. रिपोर्टमध्ये लिहिलंय: "दोन्ही जांघांत अनेक वाढलेल्या लिम्फ नोड, सर्वात मोठी उजवीकडे २२ मिमी. मेटास्टेसिसची शक्यता नाकारता येत नाही." म्हणजे कॅन्सर तिथवर पसरला असेल.

तेव्हापासून घरात कुणाला धड झोप नाही. चुलते म्हणतात, "सगळ्या गाठी काढून टाका, डोक्याला ताप नको." आण्णा म्हणतात, "अवधाण आलंय नुसतं, पायाला भेगा पडल्यात. उतरंल." (अवधाण म्हणजे पायाच्या जखमेमुळे जांघेत येणारी गाठ.) सर्जनची वेळ पुढच्या आठवड्यात आहे. तोवर काय करू? पेट स्कॅन करून घेऊ का? आणि सोनोग्राफीवर एवढ्या मोठ्या आजारात भरवसा ठेवायचा का? पोटाची, बाळंतपणाची सोनोग्राफी माहीत आहे. कातडीच्या कॅन्सरला ती कशी पुरते तेच मला कळत नाही.

शैला_कुलकर्णी_वहिनी

वारणाकाठची, चुलत्यांना माझ्याकडून हात जोडून सांग, घाई नको. माझ्या मिस्टरांचा मेलानोमा तळपायाचा होता. तेव्हा सेंटिनल गाठ पॉझिटिव्ह आली की जांघेतल्या सगळ्या गाठी काढायचीच पद्धत होती. आजार परत आला नाही, देवाची कृपा. पण तो पाय कायमचा सुजला. सकाळी उठल्या उठल्या, पाय खाली टाकायच्या आधी, घट्ट मोजा चढवावा लागतो. त्याला दोघं लागतात. उन्हाळ्यात त्या मोज्याखाली खाज, आणि साधं खरचटलं तरी पाय लाल होऊन ताप भरतो. चिखलात उतरणाऱ्या माणसाला हे किती जड जाईल याचा विचार कर. डॉक्टरांनी काढायला सांगितलं तर काढायच्याच, त्यात दुमत नाही. पण "डोक्याला ताप नको" म्हणून काढू नका. तो ताप पायात जाऊन बसतो.

तालुक्याची_रेडिओलॉजिस्ट

ताई, आधी तो २२ मिमीचा आकडा बाजूला ठेवा. मी तालुक्याच्या गावी सोनोग्राफी करते. त्याआधी मुंबईत शिकताना कॅन्सरच्या रुग्णांच्या मान-काख-जांघेतल्या गाठी बघण्यात बराच काळ गेला. त्या भरवशावर सांगते: शेतात अनवाणी फिरणाऱ्या माणसाच्या जांघेत मोठ्या गाठी नसत्या तर मला नवल वाटलं असतं. टाचेच्या भेगा, बोटांमधल्या चिखल्या, मोडलेले काटे, उसाच्या पाचटाने कापलेलं, या सगळ्याचा जंतुसंसर्ग तिथेच अडवला जातो. वर्षानुवर्षं ते चाललं की गाठी मोठ्या होतात आणि मोठ्याच राहतात. आण्णा अवधाण म्हणतात ते अगदी शक्य आहे. पण शक्य आहे म्हणून सोडून द्यायचं नाही, नीट बघून ठरवायचं. आणि ते सोनोग्राफीत बघता येतं.

निरोगी गाठ घेवड्याच्या दाण्यासारखी असते: लांबट, आणि एका बाजूला खळगी. सोनोग्राफीत तिची कड काळसर आणि पातळ दिसते, मध्ये चरबीचा पांढरा भाग दिसतो. त्या पांढऱ्या भागाला आम्ही हायलम म्हणतो. रक्तवाहिनी तिथूनच आत शिरते आणि फांद्या फुटत कडेपर्यंत जाते. जंतुसंसर्गाने गाठ वाढते तेव्हा कड सगळीकडून सारखी जाड होते, पांढरा मध्य शाबूत राहतो, डॉपलर (सोनोग्राफीतच रक्ताचा प्रवाह दाखवणारी सोय) लावला तर रक्त मधूनच आत जाताना दिसतं. गाठ ३ सेंटिमीटर लांब झाली तरी तिची ठेवण बदलत नाही.

मेलानोमाच्या पेशी वेगळ्या वाटेने येतात. त्या पायाकडून लसिका वाहिन्यांतून (अंगातलं पाणी गाठींकडे नेणाऱ्या बारीक नळ्यांतून) येतात आणि या वाहिन्या गाठीच्या बाहेरच्या कडेवर उघडतात. म्हणून पहिला मुक्काम कडेवर, वेष्टनाच्या लगेच आत. तिथे कड एकाच जागी फुगते. डॉपलरमध्ये बाहेरून, भलत्याच ठिकाणाहून शिरणारी बारीक रक्तवाहिनी दिसते. पुढे पांढरा भाग एका बाजूला ढकलला जातो, मग नाहीसा होतो, आणि गाठ लांबटची गोल होते. मेलानोमाचा साठा फार काळा दिसतो, कधी कधी इतका की पाण्याची पिशवी वाटावी. सवय नसलेला माणूस तिथे फसतो.

म्हणजे ६ मिमीची गोल, काळी, पांढरा मध्य हरवलेली गाठ मला २२ मिमीच्या लांबट गाठीपेक्षा कितीतरी जास्त काळजीची वाटेल. तुमच्या रिपोर्टमध्ये आकार नाही, हायलम नाही, कडेची जाडी नाही, डॉपलर नाही. नुसती लांबी लिहून "नाकारता येत नाही" म्हणणं मला पटत नाही, कारण ते वाक्य वाचून घरात काय होतं ते तुम्ही लिहिलंच आहे. उलट "दोन्ही जांघांत" हे शब्द धीर देणारे आहेत. आजार उजव्या टाचेचा, मग डावीकडच्या गाठी कशामुळे वाढल्या? बहुधा दोन्ही पायांच्या भेगांमुळे.

आता काय करायचं. सोनोग्राफी पुन्हा करा, पण चिठ्ठीवर नुसतं "जांघेची सोनोग्राफी" लिहून नेऊ नका. बहुतेक सेंटरला पोटाचे रुग्ण जास्त, डॉक्टरही त्याच तयारीने बसलेले असतात. चिठ्ठीवर असं हवं: उजव्या टाचेचा मेलानोमा, सेंटिनल गाठ पॉझिटिव्ह, बाकी गाठी काढलेल्या नाहीत, देखरेखीची सोनोग्राफी. ऑपरेशनचे कागद, सेंटिनल गाठ शोधताना काढलेल्या स्कॅनची फिल्म आणि मुंबईच्या पहिल्या सोनोग्राफीच्या फिल्म (फक्त रिपोर्ट नव्हे) सोबत न्या. मला जुनी फिल्म मिळाली की माझं निम्मं काम होतं. गाठ तेव्हा कशी होती ते कळलं, तर आज ती बदलली की तशीच आहे हे सांगता येतं. देखरेखीचा सगळा अर्थ त्या तुलनेतच आहे, म्हणून शक्यतो दर वेळी त्याच डॉक्टरांकडे जा.

प्रोब (अंगावर फिरवतात तो मशीनचा भाग) सपाट तोंडाचा, जास्त फ्रिक्वेन्सीचा हवा (१० मेगाहर्ट्झच्या वरचा). पोटाच्या गोल प्रोबने गाठीची कड नीट दिसत नाही. आणि फक्त जांघ बघून उठू नये. टाचेच्या व्रणाच्या कडा, तिथून वर पोटरी, गुडघ्यामागची खळगी, मांडीची आतली बाजू, मग जांघ, आणि तिथून वर ओटीपोटाच्या कडेने जितकं दिसेल तितकं. टाचेच्या, विशेषतः बाहेरच्या अंगाच्या, लसिका वाहिन्या कधी कधी आधी गुडघ्यामागच्या गाठीत जातात. ती जागा रोज कुणी हात लावून बघत नाही, म्हणून तिथली गाठ उशिरा सापडते. शिवाय मेलानोमा वाटेतच, कातडीखाली, छोटी गोळी होऊन थांबू शकतो. एवढं सगळं पाच मिनिटांत होत नाही. वीस मिनिटं तरी जातातच.

पेट स्कॅन सर्जन ठरवतील. मात्र तो जंतुसंसर्गाच्या गाठीतही चमकतो. भेगाळलेल्या पायाच्या माणसाचा पेट स्कॅन आधी केला तर जांघेत उजेड दिसून तुमची काळजी दुप्पट होईल. दुसऱ्या बाजूने हेही खरं की सोनोग्राफी फुफ्फुस, मेंदू दाखवत नाही आणि मेलानोमा रक्तातूनही जातो. म्हणून तिथल्या तपासण्या सर्जन सांगतील तेव्हा वेगळ्या कराव्याच लागतात. सोनोग्राफीकडून फक्त तिच्या कामाची अपेक्षा ठेवायची. एक-दोन मिलिमीटरचा साठाही तिला बहुधा दिसत नाही. म्हणून तर ती परत परत करायची असते.

लाइपझिगकर

वरच्या डॉक्टरांनी सगळं सांगितलंच आहे. भरवसा ठेवायचा का, या प्रश्नावर थोडी भर घालतो. मी मूळचा चिपळूणचा, बायको इथली, जर्मन. तिच्या पोटरीवर मेलानोमा झाला होता. इथे जर्मनीत मेलानोमाच्या रुग्णांची लिम्फ नोडची सोनोग्राफी नेहमीच्या देखरेखीचा भाग आहे आणि बरेचदा त्वचारोगतज्ज्ञ स्वतःच प्रोब हातात घेतात. आधी बोटांनी पोटरीपासून जांघेपर्यंत चाचपतात, मग त्याच वाटेने प्रोब. कडेने शिरणारी रक्तवाहिनी ही सुरुवातीची खूण आहे हे बर्लिनच्या क्रिस्टियाने व्हॉइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये मांडलं, असं आमच्या डॉक्टरांनीच दाखवून सांगितलं.

गाठी सगळ्या काढाव्यात की थांबावं, याचे दोन मोठे अभ्यास आहेत. जर्मनीतला २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला, ४८३ रुग्णांचा. दुसरा, एमएसएलटी-२, अनेक देशांत मिळून झाला आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात १९३४ रुग्ण होते. सेंटिनल गाठ पॉझिटिव्ह आलेल्यांपैकी निम्म्यांच्या बाकी गाठी लगेच काढल्या, निम्म्यांना सोनोग्राफीच्या देखरेखीखाली ठेवलं. तीन वर्षांनी मेलानोमाने मृत्यू न झालेल्यांचं प्रमाण दोन्हीकडे सारखंच, ८६ टक्के. पायाची किंवा हाताची सूज मात्र गाठी काढलेल्यांत २४.१ टक्के आणि देखरेखीतल्यांत ६.३ टक्के.

तुमच्या सर्जननी चार महिने सांगितले ते याच अभ्यासातलं वेळापत्रक: पहिली दोन वर्षं दर चार महिन्यांनी, पाचव्या वर्षापर्यंत दर सहा महिन्यांनी, पुढे वर्षातून एकदा.

पण याची दुसरी बाजूही चुलत्यांना सांगा, लपवू नका. तीन वर्षांत जांघ-काखेत आजार परत न आलेले लोक गाठी काढलेल्या गटात ९२ टक्के होते, देखरेखीच्या गटात ७७ टक्के. म्हणजे थांबलेल्यांपैकी काहींना पुढे ऑपरेशन लागतंच. ते वेळेवर व्हावं म्हणून सोनोग्राफी. ती चुकवली तर थांबण्याला अर्थ राहत नाही.

वारणाकाठची

सगळ्यांचे मनापासून आभार. हे सगळं आण्णांना मोठ्याने वाचून दाखवलं. गुडघ्यामागे बघायचं असतं हे आम्हाला कुणीच सांगितलं नव्हतं. एक विचारू का मॅडम? आण्णांना एवढ्या लांब न्यायचं म्हणजे गाडी, दिवस मोडणं. छोटं मशीन घेऊन कुणी घरी येऊ शकतं का? आणि सुईची तपासणी करायची वेळ आली तर? भावकीत सगळ्यांचं म्हणणं, सुई लावली की कॅन्सर पसरतो.

तालुक्याची_रेडिओलॉजिस्ट

घरी नाही जमणार. गर्भलिंग निदानाविरुद्धच्या १९९४ च्या कायद्याखाली सोनोग्राफीचं मशीन नोंदणी केलेल्या जागेशी बांधलेलं असतं. पिशवीत घालून गावोगाव नेता येत नाही. आपल्या भागातला मुलींच्या जन्माचा इतिहास पाहता तो नियम मला योग्यच वाटतो, म्हाताऱ्या रुग्णांना त्याचा त्रास होतो हे दिसत असूनही.

सुईबद्दल: मेलानोमाच्या संशयित गाठीत सोनोग्राफीत बघत बघत बारीक सुई घालून पेशी काढणं ही जगभरची रुळलेली पद्धत आहे. सुई इंजेक्शनच्या सुईसारखीच बारीक असते. उलट न तपासता गाठ उघडून अर्धवट काढली तर पुढचं नीट ऑपरेशन अवघड होतं. ते मात्र टाळा. आणि सुई कुठल्या गाठीत घातली ते पडद्यावर बघून, फिल्म काढून ठेवायला सांगा. हाताला लागेल त्या गाठीत घातली तर ती बहुधा मोठ्या, निरुपद्रवी गाठीतच जाईल.

आजपासून करायचं एक काम: आण्णांच्या पायांची काळजी. रोज रात्री पाय धुऊन कोरडे करायचे, बोटांच्या बेचक्यांत नीट पुसायचं. चिखल्यांवर त्वचारोगतज्ज्ञांकडून मलम घ्या, भेगांना व्हॅसलीन. पाणी पाजायला गमबूट. ऑपरेशन झालेल्या पायाला तर ते हवंच. भेगा बऱ्या झाल्या की जांघेतली गर्दी कमी होते आणि संशयाची गाठ मला पटकन वेगळी दिसते. महिन्यातून एकदा आंघोळीनंतर तुम्ही किंवा आईंनी टाचेपासून जांघेपर्यंत बोटं फिरवून बघा. परत आलेला मेलानोमा कितीतरी वेळा आधी घरच्यांच्याच हाताला लागतो.

वर्धेकडची_लेक

मध्येच विचारते, राग मानू नका. माझ्या आईला कमरेवर कॅन्सर झाला होता, मेलानोमा नव्हे, कातडीचाच दुसरा, स्क्वॅमस सेल. जन्मभर लुगडं घट्ट कसून नेसायची. तिथे कातडी आधी काळी पडली, मग जखम झाली आणि भरेचना. नागपूरला काढून टाकलं. तिलाही सोनोग्राफी सांगितली आहे. जांघेचीच करायची का?

तालुक्याची_रेडिओलॉजिस्ट

बरं झालं विचारलंत. नाही, फक्त जांघेची नाही. कमरेच्या पट्ट्यातली कातडी दोन्हीकडे निचरा करते: वरचा भाग काखेत, खालचा जांघेत. डावं-उजवंही पक्कं नसतं. म्हणून दोन्ही काखा आणि दोन्ही जांघा. व्रणाच्या कडाही. स्क्वॅमस सेलची गाठ कधी कधी मधून सडते आणि पाण्यासारखी दिसते. तिला गळू समजून सोडू नये. जखम वर्षानुवर्षं चिघळलेली असल्यामुळे जंतुसंसर्गाच्या गाठीही असणारच, त्यामुळे वर लिहिलेलं कडेचं आणि पांढऱ्या मध्याचं सगळं तुम्हालाही लागू आहे. तुमच्या पूर्व विदर्भात हत्तीरोगही आहे. त्याचा इतिहास असेल तर आधी सांगा, कारण त्यात जांघेतल्या लसिका वाहिन्याच फुगलेल्या असतात. आणि आईंना आता नाडी सैल, रुंद पट्टीची, रोज थोडी वर-खाली बांधायला सांगा.

वारणाकाठची

कळवायचं राहिलं होतं. चिठ्ठी तुम्ही सांगितली तशी सर्जनकडून फोनवर लिहून घेतली आणि दुसऱ्या सेंटरला गेलो. तिथल्या डॉक्टरांनी मुंबईच्या फिल्म समोर लावून अर्धा तास बघितलं. २२ मिमीची गाठ लांबट, मध्ये पांढरा भाग छान, मुंबईच्या फिल्ममध्येही तशीच होती. डावीकडच्या गाठीही त्याच जातीच्या. गुडघ्यामागे काही नाही. पण जांघेतल्या ऑपरेशनच्या व्रणाच्या थोडं खाली ८ मिमीची एक गाठ आहे, तिची कड एका बाजूला ४ मिमी जाड. ती आधीच्या रिपोर्टमध्ये मुळी लिहिलीच नव्हती! सर्जन म्हणाले, सुई लावा. काल त्याच गाठीत, पडद्यावर बघत, लावली. रिपोर्ट आला: कॅन्सरच्या पेशी नाहीत, प्रतिक्रियेच्या लसिका पेशी भरपूर.

आई देवापुढे बसली आहे. आण्णा म्हणाले, "मी म्हटलंच होतं." चुलत्यांनी गमबूट आणून दिले.

तालुक्याची_रेडिओलॉजिस्ट

फार बरं वाटलं. "लसिका पेशी भरपूर" हे महत्त्वाचं आहे, म्हणजे सुई गाठीतच गेली होती. तरी आण्णांना एवढं सांगा: त्या ८ मिमीच्या गाठीची फाइल बंद झालेली नाही. सुईच्या टोकाला लहानसा साठा चुकू शकतो. चार महिने थांबू नका. सर्जनना विचारून सहा ते आठ आठवड्यांनी फक्त तीच गाठ पुन्हा दाखवा, याच डॉक्टरांना. व्रणापासून किती अंतरावर आणि कातडीखाली किती खोल, ते त्यांच्याकडून रिपोर्टवर लिहून घ्या, नाहीतर पुढच्या वेळी शेजारची गाठ मोजली जाईल. कड कमी झाली तर मग नेहमीचं चार महिन्यांचं वेळापत्रक. वाढली किंवा तिच्या कडेने रक्तवाहिनी दिसली, तर पुन्हा सुई, नाहीतर ती गाठ काढून तपासायची.

तारीख आत्ताच घ्या. लागण आणि हळदीची कामं एकदा सुरू झाली की राहून जातं.